लमाश्तूला मराठीत काय म्हणावं: राक्षसी, हडळ की देवी?

कानामात्रा: मेसोपोटेमियाच्या पुराणकथांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात लमाश्तू येते. सिंहाचं डोकं, गाढवाचे दात, पक्ष्याचे पंजे, आणि बाळंतिणीच्या कुशीतलं मूल ओढून नेणारी. मूळ लेखात तिला सरसकट 'डीमन' म्हटलंय. मी 'राक्षसी' लिहिलं आणि पुढच्याच परिच्छेदात अडकले. ती आकाशदेव अनूची मुलगी आहे. क्यूनिफॉर्म लिपीत देवांच्या नावाआधी चांदणीची जी खूण करतात, ती हिच्याही नावाआधी आहे. 'राक्षसी' म्हटलं की तिचं कूळ जातं, 'देवी' म्हटलं की दहशत जाते. मैत्रीण 'हडळ' म्हणाली, पण हडळ मेलेल्या बाईची होते. ही जन्मापासूनच अशी. काय लिहू?

जुनीपोथी: 'राक्षसी'च ठेवा, शब्दात कमीपणा काही नाही. रामायणाच्या उत्तरकांडात कथा आहे: ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केलं आणि राखायला प्राणी नेमले. 'रक्षामः' म्हणाले ते राक्षस, 'यक्षामः' म्हणाले ते यक्ष. मुळात राखणदार. शब्दाला आलेला उग्र वास मागाहूनचा.

तळटीप: कथा सुंदर आहे, पण तिला व्युत्पत्ती म्हणू नका. ऋग्वेदात 'रक्षस्' आधीपासून वाईटच, त्यांना जाळून टाक म्हणून अग्नीची विनवणी आहे. उत्तरकांड त्यानंतर कितीतरी शतकांनी आलं. खरोखर उलटा फिरलेला शब्द हवा तर 'असुर' घ्या. ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलंय, आणि तो त्याचा गौरव आहे.

जुनीपोथी: व्युत्पत्ती खोटी ठरली तरी लोकांनी ती मानली, हेही शब्दाच्या इतिहासातच येतं की नाही? सगळा कौल धातुपाठाकडे द्यायचा, हे मला पटत नाही.

ओवी: महाभारताच्या सभापर्वातली 'जरा' नावाची राक्षसी आठवा. दोन राण्यांच्या पोटी बाळाचे दोन अर्धे जन्मले, दायांनी ते चव्हाट्यावर नेऊन टाकले. ही आली मांसाच्या वासाने. न्यायला सोपं पडावं म्हणून तिने दोन्ही अर्धे एकमेकांना लावले, आणि मूल रडायला लागलं. तो जरासंध. मग ती राजाला स्वतःची ओळख करून देते: मी राक्षसी, माणसांच्या घरोघरी राहते, माझं नाव गृहदेवी, आणि लोक मला मुलांसकट भिंतीवर रंगवतात. एकाच दमात दोन्ही! महाभारताला तिथे अडचण वाटली नाही, ती आपल्याला वाटते, कारण मधल्या काळात आपण दोन शब्दांमध्ये भिंत घातली.

कानामात्रा: हे फार कामाचं आहे. लूव्ह्रमध्ये लमाश्तूचा एक ब्राँझचा फलक आहे. ती नावेत, गाढवावर गुडघा टेकून, दोन्ही स्तनांशी कुत्रा आणि डुक्कर. फलकाच्या वरच्या कडेवरून पाझुझू डोकावतोय, तोही भयंकरच, पण त्याचं काम हिला हाकलायचं. आणि हिच्या शेजारी फणीसारख्या वस्तू, प्रवासासाठी दिलेल्या. हाकलायचं, पण रिकाम्या हाताने नाही. मला तिथे एकच शब्द सुचला, 'बोळवण'. राक्षसीची आपण बोळवण करू का?

वैद्यबुवा: 'बालग्रह' लिहा. सुश्रुताने नऊ सांगितलेत. त्यांत रेवती, पूतना, मुखमंडिका बायकाच. ग्रह म्हणजे धरणारा, पकडणारा. वनपर्वातल्या स्कंदाच्या कथेत तर म्हटलंय की मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत हे ग्रह अशुभ, नंतर तेच शुभ. तुमच्या लमाश्तूचं काम अगदी हेच.

तळटीप: अर्थ चोख, पण आजचा वाचक 'ग्रह' वाचून शनी-मंगळाकडे बघेल.

वैद्यबुवा: वाचकाला एकदा समजावून सांगा. वापरला नाही म्हणूनच शब्द मरतो.

ओवी: आणि सटवी? तीही षष्ठीच ना? लहानपणी बहिणीशी भांडताना मी तिला 'सटवे' म्हणाले. आजी गोधडी शिवत होती. तिने सुई कापडात टोचून ठेवली, मला समोर बसवलं आणि म्हणाली, "ती कपाळ लिहिते. तिचं नाव शिवीत घालू नये." मला तेव्हा कळलं नाही. पुढे कॉलेजात वाचलं की वनपर्वात षष्ठी हे स्कंदाच्या बायकोचं, देवसेनेचंच एक नाव आहे.

जुनीपोथी: शिवीतली सटवी निराळी. ती 'शठ'वरून आली असणार. देवीच्या नावाची शिवी कोण करेल?

तळटीप: जुनीपोथी, चंपाषष्ठीला चंपासट म्हणता ना? षष्ठीची सट झाली, सटीची सटवी. शिवीही तीच. आणि देवीच्या नावाची शिवी करतात हो. 'अक्काबाईचा फेरा' म्हणताना अक्का कोण? लक्ष्मीची थोरली बहीण, ज्येष्ठा.

ओवी: अक्काबाई शिवी नाही, तो मान आहे. नाव घ्यायची भीती वाटते म्हणून नातं लावायचं. ग्रीकांनीही सूड घेणाऱ्या एरिनीएसना 'युमेनिडीस', म्हणजे 'कृपाळू', म्हटलंच.

जुनीपोथी: मान देऊन टाळणं वेगळं आणि शिवी वेगळी. या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरू नका.

रानवाट: उशिरा आलो. जखीण हा शब्द यक्षिणीवरून आला, हे तर सगळेच मानतात. मग पाण्यातल्या साती आसरा अप्सरांवरून, हेही मान्य आहे का? आमचे एक गुरुजी ठासून सांगायचे की तो 'आश्रय'वरून आलेला आसरा आहे.

तळटीप: अप्सराच. प्राकृतात अच्छरा होते, आणि अप्सरांचं पाण्याशी नातं नावातच आहे: 'अप्' म्हणजे पाणी.

रानवाट: पण मग अप्सरा भूल घालते आणि आसरा बुडवते, हा फरक कधी पडला?

ओवी: पडला कुठे? उर्वशीने पुरूरव्याचं काय केलं ते बघा.

जुनीपोथी: उर्वशी त्याला सोडून गेली, तिने बुडवलं नाही. ऋग्वेदातला तो संवाद पुन्हा वाचा.

कानामात्रा: मंडळी, लमाश्तू राहिलीच. सध्या 'बालग्रह' लिहून ठेवलंय. पण त्याच लेखात पुढे ज्यू लोककथांतली लिलिथ येते, आणि ती मुलांना धरण्यापुरती मर्यादित नाही, तिथे हा शब्द तोकडा पडतो.

रानवाट: लिलिथला 'जखीण' चालेल?

जुनीपोथी: आधी उर्वशीचं मिटू द्या.