मदत हवी आहे: पुरात भिजलेला काकांचा ड्रमसेट घरीच उभा करता येईल का?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय. माहिती अर्धवट दिली की उत्तरंही अर्धवट येतात.

आमच्या थोरल्या काकांचा प्रीमियर कंपनीचा ड्रमसेट आहे, लाल ग्लिटरचा. १९७६ साली मुंबईत एका गोवेकर वादकाकडून त्यांनी तो सेकंडहॅण्ड घेतला आणि पुढची पंधरा वर्षं गणपतीत, जत्रांत, ऑर्केस्ट्रात वाजवला. मग ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड, आले. सगळे आवाज काखेत मावायला लागल्यावर टेम्पोत चार ड्रम कोण चढवणार? सेट कोल्हापुरात शाहूपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीत गेला आणि तिथेच राहिला. २०१९ च्या पुरात त्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. छोटा टॉम आणि स्नेअर (तळाला तारा असलेला ड्रम) कपाटावर असल्यानं वाचले. २० इंची बेस ड्रम आणि फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा मोठा टॉम) खाली होते.

आजची अवस्था अशी. बेस ड्रमच्या शेलचा, म्हणजे लाकडी पिंपाचा, आतला थर खालच्या बाजूनं वीतभर सुटलाय, बोट घातलं तर आत जातं. कुबट वास अजून आहे. क्रोमवर गंज. दोन टेन्शन रॉड (ताण द्यायचे लांब स्क्रू) गायब, तिसरा लगमध्ये (स्क्रू बसतो तो शेलवरचा धातूचा तुकडा) असा अडकलाय की हलत नाही. दोन्ही टॉमची हेड, म्हणजे वाजवायची पानं, फाटलीत. नवी आणली, तर बसतच नाहीत! १२ इंचीचं १२ वर बसत नाही आणि १६ चं १६ वर. दुकानदार म्हणाला, तुमचा शेल फुगलाय. पण छोटा टॉम तर पाण्यात नव्हताच.

एक मूर्खपणाही सांगून टाकतो. लाल प्लॅस्टिकवरचा चिखलाचा डाग निघेना म्हणून फडक्यावर थिनर घेऊन घासलं. दोन सेकंदांत फडकं चिकटायला लागलं. उचललं तर रुपयाच्या नाण्याएवढा भाग मॅट झालेला, आणि त्यात फडक्याची वीण उमटलेली.

काका ७४ वर्षांचे आहेत. म्हणतात, "नवीन घे की, त्या लाकडात काय ठेवलंय." पण मी खोलीत काम करायला लागलो की दारात येऊन उभे राहतात.

कुठून सुरुवात करू?

आटेवाला

थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर बंद म्हणजे बंद. त्या काळातलं रॅप, म्हणजे शेलवरचं ते प्लॅस्टिक, बरेचदा सेल्युलोजचं असतं, सॉल्व्हंट लागला की विरघळतं. हीट गनसुद्धा लावू नका. सेल्युलोज नायट्रेट असेल तर ते भडकन पेटतं. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ फडकं. कोरडं झालं की गाडीचं पॉलिश बोटभर घेऊन हलक्या हातानं. तो नाण्याएवढा डाग राहू दे. घालवायला जाल तर बशीएवढा होईल.

खोलायच्या आधी जुन्या कालनिर्णयच्या पाठीवर प्रत्येक ड्रमचं वर्तुळ काढा, लगांना नंबर द्या आणि निघालेला रॉड त्याच नंबरापाशी टोचून ठेवा. ज्या रॉडचे आटे ज्या नटात पन्नास वर्षं फिरलेत ते त्यातच सुखात असतात.

अडकलेल्या रॉडला पान्याचा जोर नको. रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० रोज दोन थेंब, आठवडाभर. मग किंचित आवळून बघा आणि लगेच सैल करा. आधी आवळायचा, हे लोक विसरतात. लग ओतीव धातूचा असतो, जोर केला तर रॉड निघतो पण लगचा कान हातात येतो.

गायब रॉडसाठी तुमच्याकडे उद्यमनगरसारखी कारखान्यांची वस्ती असताना काळजी कसली? लेथवाल्याकडे चांगला रॉड आणि नट दोन्ही न्या, थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावायला सांगा. अमेरिकन ड्रमना १२-२४ चे (१२ नंबरची जाडी, इंचाला २४) आटे असतात म्हणून प्रीमियरसारख्या इंग्लिश मालालाही तेच असतील असं गृहीत धरू नका. आणि तिथं शेजारी प्लेटिंगवाला आहे म्हणून लग त्याच्या टाकीत टाकू नका, जुनं क्रोम काढायच्या ॲसिडात लगच खाऊन जाईल.

बोरिवली_बीट्स

एवढ्या खटाटोपापेक्षा चोरबाजारात बघा ना, पूर्ण सेट मिळून जाईल.

पंचगंगाकाठ

मिळेल हो. काकांचा मिळणार नाही.

लेस्टरकर

तुमचा शेल फुगलेला नाही, दुकानदाराला ठाऊक नाही एवढंच. ज्या प्रीमियरचा हा सेट आहे ती कंपनी मूळ लंडनची, १९२२ ची. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्यावर बॉम्ब पडला आणि ती इकडे इंग्लंडातच लेस्टरला आली. माझ्या घरापासून विगस्टन, जिथं तो कारखाना होता, लांब नाही.

तर, १९६८ च्या आसपासपर्यंत प्रीमियरचे १२, १४ आणि १६ इंची टॉम आजच्या मापापेक्षा थोडे मोठे असायचे. याला प्री-इंटरनॅशनल माप म्हणतात. शेलचा बाहेरचा व्यास मोजून सांगा. १२ इंच म्हणजे ३०४.८ मिमी, १६ म्हणजे ४०६.४. याच्या वर गेलात तर तेच.

पंचगंगाकाठ

मोजलं. छोटा ३०८, मोठा ४११. चार ठिकाणी मोजलं, फरक मिलिमीटरच्या आत. म्हणजे गोलाई शाबूत आहे! आणि काकांनी घेतला तेव्हाच सेट जुना होता म्हणायचा.

लेस्टरकर

मग नक्कीच. रेमो कंपनीची या मापाची हेड मिळतात, पण भारतात दुकानात मिळणं कठीण. दिवाळीला येतोय, दोन्ही बॅगेत घालून आणू शकतो. पोस्टेज हेडच्या किमतीला भारी पडेल.

जुनी_पुडी

दिवाळीपर्यंत थांबायचं असेल तर थांबा. नाहीतर कातडं लावा.

हसू नका. प्लॅस्टिकची हेड १९५७ च्या सुमाराला बाजारात आली, त्याआधी जगभरचे ड्रमर कातड्यावरच वाजवत होते. आमच्या घरात तीन पिढ्या ढोलकी, तबला मढवण्याचं काम आहे. ड्रमचं हेड त्यामानानं सोपं. शाई नाही, गजरा नाही, वादी नाही.

फाटलेल्या हेडची ॲल्युमिनियमची कडी वापरू नका. लोहाराकडून शेलवर सैल सरकेल एवढी सळईची कडी करून घ्या, जोड घासून गुळगुळीत हवा. बकऱ्याचं कातडं, पातळ, सगळीकडे सारख्या जाडीचं. उजेडासमोर धरलं की जाड-पातळ कळतं. कडीपेक्षा चहूबाजूंनी तीन-चार बोटं जास्त ठेवून गोल कापा. गार पाण्यात भिजवा. गरम पाणी लागलं तर कातडं आकसून वाया जातं. ओल्या कपड्यासारखं लुळं झालं की फरशीवर पसरा, वर कडी ठेवा, कड कडीवरून आत वळवा आणि कडी व कातड्याच्या मधल्या फटीत खोचत चला. त्याला हत्यार असतं, पण चमच्याचा दांडा चालतो. आधी चार दिशांना, मग मधल्या जागा. एका बाजूनं सलग खोचत गेलात तर दुसरीकडे झोळ पडणार.

मग ओलंच शेलवर चढवा, वरची रिम (धातूचं कडं) लावा आणि रॉड फक्त हातानं फिरवा. रिम शेलच्या कडेखाली पाऊण सेंटिमीटर उतरली की बस्स. सावलीत दोन दिवस. पंखा नको, ऊन तर नकोच. कातडं स्वतःच ताणून घेतं. तेव्हा रॉड आवळलेले असतील तर मध्यरात्री फाट्दिशी आवाज येईल आणि तुम्हाला चोर आला वाटेल. पावसाळ्यात ढिलं पडेल, ते चालवून घ्या. वाजवून झालं की थोडं सैल सोडून ठेवायची सवय लावा.

आटेवाला

व्वा! हे मलाही माहीत नव्हतं. कातडं लावायच्या आधी शेलची कड तपासा. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा रिकामा करा, शेल त्यावर उपडा ठेवा, आत टॉर्च लावा, दिवे बंद. जिथून उजेड झिरपेल तिथं कड बसकी. कागद सरकेल एवढीच फट असेल तर सोडून द्या, कातडं सांभाळून घेतं. लगेच सॅंडपेपर हातात घेऊ नका. या शेलच्या कडा गोलसर असतात, घासून धारदार केल्या की आवाजच बदलतो.

सुटलेल्या थराचं असं करा. आधी आतला चिखल कोरड्या ब्रशनं काढा, बुरशी व्हिनेगरच्या फडक्यानं पुसा (फक्त आतून, रॅपवर नाही) आणि आठवडाभर सावलीत वाळू द्या. ओल्या लाकडात चिकटवलेलं टिकत नाही. मग फेव्हिकॉल थोडा पातळ करून सिरिंजनं फटीत खोलवर सोडा, दाबून जादाचा बाहेर काढा. दोन्हीकडून दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक, त्यावर गोलाईला बसतील असे लाकडाचे तुकडे आणि सी-क्लॅम्प. २४ तास हात लावू नका.

क्रोमला घरातलाच ॲल्युमिनियम फॉइल. चुरगाळा, पाण्यात बुडवा, घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यानं चरे पडत नाहीत. काळं पाणी निघेल, पुसत राहा.

ताशा_नंबर_दोन

पुण्यातून. चढवताना रॉड समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा. आम्ही ताशाचे नट असेच आवळतो. एका बाजूनं गोल फिरत गेलं की पान तिरकं बसतं आणि मग आयुष्यभर कुरकुर.

पंचगंगाकाठ (पाच आठवड्यांनी)

मंडळी, अहवाल.

अडकलेला रॉड नवव्या दिवशी सुटला. उद्यमनगरच्या टर्नरनं दोन रॉड करून दिले. पैसे घेताना विचारत होता, मोटरचा पार्ट आहे का. बेस ड्रमचा थर बसला. नखानं टिचकी मारली तर सगळीकडे एकच आवाज येतो, पूर्वी तिथं खोका वाजायचा. ओट्यावरच्या टॉर्चच्या प्रयोगात आईचा पोळ्यांचा डबा बाहेर गॅलरीत गेला आणि मांजरानं उघडला, ते असो.

कातडं पहिल्यांदा फसलं. रॉड आवळण्याचा मोह झालाच, आणि जुनी_पुडी म्हणाले तसाच रात्री अडीचला आवाज. दुसऱ्या वेळी काकाच खुर्ची घेऊन बसले. मी चमच्याच्या दांड्यानं खोचत होतो आणि ते बोटानं दाखवत होते, "इथं झोळ आहे. इथं." तिसऱ्या दिवशी टॉम वाजवला. प्लॅस्टिकसारखा टणटणत नाही, आवाज खाली बसतो, लगेच थांबतो. काकांनी काठी मागितली, चार ठोके दिले, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "खिडकीकडची बाजू वर आहे." खरंच होती. पाव फेरा सैल केली.

गल्लीतली तीन पोरं रोज बघायला येतात. त्यातल्या एकाच्या घरी बँजो पार्टीचा साइड ड्रम गंजत पडलाय. येत्या रविवारी दहा वाजता आमच्या मागच्या खोलीत तो खोलणार आहोत. कोल्हापुरातलं कुणी येणार असेल तर व्यनि करा, पत्ता देतो. जुनी_पुडी, तुम्ही आलात तर पांढरा-तांबडा माझ्याकडे.

जुनी_पुडी

येतो. कातडं मी आणतो, कडी तुम्ही करून ठेवा. पोरांना सांगा, नखं कापून यायचं.

लेस्टरकर

मग हेड आणू का नको?

पंचगंगाकाठ

१६ चं आणा हो. फ्लोअर टॉमएवढं सारख्या जाडीचं कातडं अजून मिळालेलं नाही.

आणि एक राहिलंच. स्नेअरचा, तळाच्या तारा ताणायचा खटका वर जातो, खाली येताना अर्ध्यात अडकतो. तेल दिलं, फरक नाही. तारा काढून बघितलं तर मोकळा चालतो, तारा लावल्या की पुन्हा तेच. उद्या उजेडात फोटो टाकतो.