मदत हवी आहे : पावसाळ्यात बाळाचं डीबीएस कार्ड (कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांचा नमुना) दोनदा नामंजूर झालं

दर्यालॅब : एचआयव्हीबाधित आईचं बाळ, वय ९ आठवडे, वजन ४.२ किलो, अंगावर पितं. आईचं एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) उशिरा सुरू झाल्याने बाळाला १२ आठवडे प्रतिबंधक औषध आहे. बाळाला लागण आहे का हे पाहणाऱ्या डीएनए पीसीआर चाचणीचं कार्ड लॅबकडून दोनदा परत आलं. पहिला शेरा 'ठिपक्याभोवती पाणीदार वलय', दुसरा 'रक्ताचे थर'. इथे कोकणात जुलैची संततधार. पंख्याखाली ३ तास वाळवून पाकीट बंद केलं, तरी सकाळी आर्द्रतादर्शक कार्ड गुलाबी, म्हणजे आत ओल. काय चुकतंय? शिवाय आई विचारते, माझी केली तशी साधी रॅपिड टेस्ट बाळाची का नाही?

सूक्ष्मदर्शी : वलय बहुतेक वेळा टाच पिळल्याने येतं. ऊतींमधलं पाणी रक्तात मिसळतं आणि कागदावर रक्ताच्या पुढे पसरतं. स्पिरिट पुरतं वाळण्याआधी टोचलं तरी तेच. म्हणून आधी कोमट कापडाने टाच ३ ते ५ मिनिटं शेका, पाय छातीच्या पातळीखाली ठेवा. टाचेच्या कडेला टोचा, मधोमध नको. लॅन्सेट (टोचायची सुई) २ मिमीपेक्षा खोल नको. पहिला थेंब कोरड्या गॉझने पुसा. पुढचा मोठा थेंब आपणहून तयार होऊ द्या आणि कागदाला फक्त टेकवा. एका वर्तुळाला एकच थेंब. वर्तुळ भरलं नाही म्हणून वर दुसरा टाकला की थर. लॅबमध्ये ठरावीक मापाचा तुकडा कापतात, त्यात रक्त किती हे थरांमुळे बदलतं. अर्धवट वर्तुळ सोडून पुढचं भरा. मागून पाहिल्यावरही रक्त पूर्ण झिरपलेलं दिसायला हवं.

३ तास कमीच. एरवी किमान ४, तुमच्याकडे रात्रभर. कार्ड आडवं, रॅकवर, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं. उन्हात किंवा हीटरजवळ अजिबात नको. लाल रंग जाऊन गडद तपकिरी झाल्याशिवाय पाकीट नाही. मग ग्लासिन (गुळगुळीत पातळ) कागद, झिपलॉक, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या, आर्द्रतादर्शक. पुड्यांचा डबा सतत उघडा राहिला तर त्या आधीच ओल शोषून बसतात. दर्शक गुलाबी होण्याचं तेही कारण असू शकतं. दर्शक निळा नसेल तर पुड्या बदला.

दर्यालॅब : डबा उघडाच होता, आज बदलते. टाचेतून पुरेसं आलंच नाही तर शिरेतलं रक्त चालेल?

सूक्ष्मदर्शी : ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीतलं चालतं, पिपेटने प्रत्येक वर्तुळात ठरलेलं माप सोडा. हेपॅरिनची नळी नको; तेही रक्त गोठू देत नाही, पण पीसीआर रोखतं. पण आधी तुमच्या तपासणी लॅबला विचारा.

बालप्रतिकार : आईला सांगा : तुमच्या रक्तातल्या अँटिबॉडी वारेतून बाळात गेल्या आहेत, त्या १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. रॅपिड टेस्ट अँटिबॉडीच शोधते, त्यामुळे ती बाळाला लागण नसतानाही पॉझिटिव्ह येईल. पीसीआर विषाणूच शोधते.

कार्ड याच आठवड्यात पाठवा. दक्षिण आफ्रिकेतल्या 'चेर' अभ्यासात (२००८) ६ ते १२ आठवडे वयाच्या बाधित बाळांना लगेच एआरटी दिल्यावर, वाट पाहिलेल्या गटाच्या तुलनेत मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. तुमचं बाळ त्याच वयात आहे. पॉझिटिव्ह आलं तर उपचार लगेच सुरू होतात आणि खात्रीचा दुसरा नमुना त्याच वेळी घेतात. कोट्रायमॉक्साझोल (इतर संसर्ग टाळणारं औषध) ६ आठवड्यांपासूनच हवं, सुरू आहे ना? आणि निगेटिव्ह आलं तरी फाइल बंद करू नका; प्रतिबंधक औषधामुळे विषाणू पकडीत न येण्याइतका कमी असू शकतो, शिवाय अंगावरचं दूध चालू आहे. दूध सुटल्यावर पुन्हा तपासणी लागेलच.

दर्यालॅब : कोट्रायमॉक्साझोल चालू आहे. उद्या सकाळी बोलावलं आहे, कार्ड परवा दुपारच्या टपालाने जाईल.