तरुणांसाठीचे हेडफोन : त्यांच्या आवडीचे की त्यांच्याविषयीच्या समजुतीचे?

चर्चेचा प्रस्ताव – षड्ज

तरुण ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या इअरफोन-हेडफोनांच्या खोक्यांवर सर्वांत ठळक अक्षरांत बहुधा एकच आश्वासन असते, ते म्हणजे जास्त बेस, म्हणजेच अधिक खर्ज (खालचे सूर). त्याखाली बॅटरी किती तास चालेल आणि ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा आतला पडदा) किती मिलिमीटरचा आहे एवढे लिहिले की ध्वनीविषयीची माहिती संपते. वास्तविक ड्रायव्हरच्या व्यासावरून आवाजाच्या दर्जाविषयी फारसे काही सांगता येत नाही. माझे म्हणणे असे आहे की हा वाढवलेला खर्ज तरुणांची आवड पारखून दिलेला नाही. त्यांना काय आवडत असावे याविषयीच्या समजुतीतून तो आलेला आहे, आणि ही समजूत पडताळून पाहण्याची संधी ग्राहकाला सहसा मिळतच नाही.

या समजुतीला मोठा आधार मिळाला तो 2009 च्या सुमारास. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीताचे प्राध्यापक जोनाथन बर्गर दरवर्षी आपल्या विद्यार्थ्यांना एकच संगीत वेगवेगळ्या स्वरूपांत ऐकवत असत, आणि एमपीथ्रीचा, म्हणजे आकाराने लहान करताना आवाजाचा काही तपशील गाळलेल्या फाइलचा, किंचित चरचरीत आवाज पसंत करणाऱ्यांचे प्रमाण वाढत चालल्याचे निरीक्षण त्यांनी मांडले. नव्या पिढीचा कान बिघडला, असा निष्कर्ष त्यावरून अनेकांनी काढला. स्पीकर-हेडफोन बनवणाऱ्या हर्मन कंपनीचे ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी मात्र लॉस एंजेलिस परिसरातील शाळकरी मुलांवर नियंत्रित चाचण्या घेतल्या. कोणता नमुना कोणता हे मुलांना ठाऊक नव्हते आणि आवाजाची पातळी सारखी ठेवलेली होती. त्या परिस्थितीत मुलांनी 128 केबीपीएसच्या (सेकंदाला 128 किलोबिट, म्हणजे बरीच दाबलेल्या) एमपीथ्रीपेक्षा सीडीच्या दर्जाचा आवाज निवडला, आणि स्पीकरांमध्येही सर्वांत समतोल, म्हणजे कोणताही सूर न फुगवणाऱ्या, स्पीकरला पसंती दिली.

अतिरिक्त खर्जाची किंमत मोजावी लागते ती शब्दांना आणि मधल्या सुरांना. जोरकस खालचा सूर आपल्या वरच्या सुरांना झाकून टाकतो, हा श्रवणाचा जुना, सिद्ध झालेला गुणधर्म आहे. तंबोऱ्याच्या जवारीतून उठणारे सूक्ष्म स्वर किंवा लावणीतील ढोलकीच्या चाटीची स्पष्टता ज्या मुलीने अशाच इअरफोनांवर ऐकली, तिला त्यात ऐकण्यासारखे काय होते हे कळणार तरी कसे?

असहमत – धातूची जाळी

आपण ऑलिव्ह यांच्या संशोधनाचा अर्धाच भाग मांडला आहे. त्यांच्याच नंतरच्या कामात श्रोत्यांचे तीन गट दिसले. बहुसंख्य लोकांना समतोल आवाज आवडला, एका लहान गटाला त्याहून अधिक खर्ज हवा होता आणि आणखी एका गटाला कमी. अधिक खर्ज मागणाऱ्यांमध्ये तरुण पुरुषांचा कल विशेष होता. शिवाय हर्मनने हेडफोनांसाठी जो समतोल ठरवला, त्यातही खर्ज थोडा उचललेलाच आहे. तेव्हा ही आवड कंपन्यांनी हवेतून निर्माण केली, असे म्हणता येणार नाही.

दुसरे असे की, ऑलिव्ह यांचे श्रोते शांत खोलीत बसलेले होते. लोकलमध्ये किंवा एसटीत ऐकणाऱ्याच्या कानावर चाकांचा आणि इंजिनाचा सखल (खालच्या सुरांचा) घोंगाट सतत आदळत असतो आणि गाण्यातील खर्ज आधी त्यात बुडतो. तो भरून काढण्यासाठी निर्मात्याने खर्ज वाढवला, तर ती वापराच्या जागेची नीट जाण झाली.

तिसरा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तरुण ग्राहक निव्वळ ध्वनी विकत घेत नाही, आणि यात कमीपणा काहीच नाही. सोनीचा पहिला वॉकमन 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये 33,000 येनला विक्रीस आला, तेव्हा त्यात ध्वनिमुद्रणाची सोयही नव्हती. होते ते दोघांना एकत्र ऐकता यावे म्हणून दोन जॅक, आणि गाणे हळू करून एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटण. ही रचना तरुणांचे चालणे-फिरणे आणि मैत्री पाहून केलेली होती. आपल्याकडे 2016 मध्ये सुरू झालेल्या बोट (boAt) या इअरफोन विकणाऱ्या कंपनीचे आरंभीचे उत्पादन लवकर न तुटणारी चार्जिंग केबल हे होते. तरुणांची खरी तक्रार तुटणाऱ्या वायरींची होती आणि ती कोणीतरी ऐकली. कंपनीच्या संस्थापकांपैकी अमन गुप्ता पूर्वी हर्मनमध्येच होते, म्हणजे ध्वनीच्या त्या परंपरेची ओळख त्यांना नव्हती असेही नाही.

प्रतिसाद – षड्ज

वॉकमनचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले, कारण माझ्या मते ते माझ्याच बाजूने बोलते. पहिल्या महिन्यात त्या यंत्राला उठाव जवळजवळ नव्हता. मग सोनीची माणसे वॉकमन घेऊन शिंजुकु आणि गिंझा भागांत फिरली आणि त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले. लोकांनी ऐकले आणि ऑगस्ट संपेपर्यंत पहिली 30,000 यंत्रे संपली. आज मात्र क्रिकेटपटूचे छायाचित्र, सवलतीची टक्केवारी आणि ग्राहकांचे तारे पाहून खरेदी होते. ऐकण्याची पाळी खोके फोडल्यावर येते.

लोकलच्या घोंगाटाचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यावरचा उपाय मान्य नाही. कानात नीट बसणाऱ्या रबरी टिप्स आणि नॉइज कॅन्सलेशन (बाहेरच्या आवाजाला उलट ध्वनिलहरीने पुसणारी सोय) यांनी घोंगाट कमी होतो, आणि नॉइज कॅन्सलेशन सखल आवाजांवरच सर्वांत चांगले चालते. ही सोय आता स्वस्त इअरबड्समध्येही मिळू लागली आहे. घोंगाट अडवल्यावरही खर्ज तेवढाच फुगवलेला ठेवायचा, याचे समर्थन मला सापडत नाही.

दोघांच्याही नजरेतून सुटलेले – कर्णिका

खर्ज किती असावा यावर आपण बोलत आहात, परंतु आवाज किती मोठा असावा हा प्रश्न त्याआधीचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2018 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल आणि लहान मुलांसाठी तेवढेच तास 75 डेसिबल अशी मर्यादा सुचवली. दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे 89 डेसिबलला आठवड्याचे पाचच तास उरतात. हा हिशेब करणारे मोजमाप फोनमध्ये घालता येते, काही फोनांत ते आहेही. तरुणांसाठीच्या जाहिरातीत ते अभिमानाने मिरवलेले मी पाहिलेले नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते, कारण कानातील केसपेशी (ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी) एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

प्रतिसाद – धातूची जाळी

कर्णिका यांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. अशी मर्यादा सर्व कंपन्यांवर कायद्याने सारखी लागू व्हावी; ग्राहकाच्या निवडीवर ती सोडू नये.

षड्ज यांना मात्र किमतीची आठवण द्यावीशी वाटते. दुरुस्त करता येणारे फोन बनवणाऱ्या फेअरफोन कंपनीने 2024 मध्ये बॅटरी बदलता येणारे इअरबड्स आणले. ही रचना मला मनापासून आवडते, पण तेव्हा त्यांची किंमत 149 युरो होती. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी हजार-पंधराशे रुपयांत जे घेऊ शकतो, त्याच मर्यादेत त्याच्यासाठी काय करता येईल ते सांगावे.

प्रतिसाद – षड्ज

प्रश्न योग्य आहे. माझी मागणी त्या किमतीत बसणारी आहे. आज अनेक स्वस्त इअरबड्सवर तीनदा टिचकी मारली की गेम मोड सुरू होतो. तशाच टिचकीने खर्ज वाढावा, आणि खोक्यातून बाहेर येताना आवाज समतोल असावा. वेगळा सुटा भाग यासाठी लागणार नाही, कारण हे समायोजन चिपमधील सॉफ्टवेअरने होते. ज्याला खर्ज हवा त्याला तो मिळेल, आणि दोन्ही आवाज ऐकून त्याने तो निवडलेला असेल.

प्रतिसाद – धातूची जाळी

तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. अडचण पहिल्या अर्ध्या मिनिटाची आहे. दोन इअरफोन लागोपाठ ऐकले, तर मोठा आणि भरीव आवाज आधी चांगला वाटतो, म्हणूनच ऑलिव्ह यांनाही पातळी सारखी करून घ्यावी लागली. मित्राच्या इअरबड्सशेजारी आपले इअरबड्स पातळ वाजतात असे वाटले, की ग्राहक त्याच दिवशी ते परत पाठवतो. एखाद्या कंपनीने एकटीने हे केले, तर परताव्याचा तोटा तिलाच सोसावा लागेल. तो सोसायला तयार होईल अशी कंपनी मला आज तरी दिसत नाही.