सीएनजीच्या हिशोबात घसारा धरा

सीएनजी गाडीला पेट्रोल गाडीपेक्षा लागणारे जादा 90,000 रुपये दोन वर्षांत वसूल होतात, हे गाडीचा खर्च काढणाऱ्या कॅल्क्युलेटरचं उत्तर वर्षाला 13,000 किलोमीटर धरून आलंय. पेट्रोल 105 रुपये आणि ॲव्हरेज 15 धरलं, म्हणजे किलोमीटरला 7 रुपये; सीएनजी 77 रुपये आणि ॲव्हरेज 22 धरलं, म्हणजे साडेतीन. तुमचं रनिंग 5,000 असेल तर पाच वर्षं लागतील! आणि कृपा करून घसारा, म्हणजे गाडीची दरवर्षी घटणारी किंमत, धराच. विम्याच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. दहा लाखांच्या गाडीवर वर्षाला साधारण लाखभर गेले, तेव्हा तुमचं पेट्रोल फक्त 35,000चं. नुसता ईएमआय आणि इंधन विचारणारा कॅल्क्युलेटर हे दाखवणारच नाही. एवढं कमी फिरणं असेल तर मी चांगली जुनी पेट्रोल गाडीच सुचवेन.