हाताने घडवलेलं घड्याळ: हात नेमका कुठे दिसतो?

कोपरापारखी

महागड्या घड्याळाच्या माहितीपत्रकात 'हस्तनिर्मित' हा शब्द दिसला की मला आधी शंकाच येते. सोबत ठरलेला फोटो असतो: पांढरा कोट, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. पण चिमट्याने जोडणं म्हणजे घडवणं नव्हे. साध्या यांत्रिक घड्याळातही बरीच जोडणी हातानेच होते.

माझी कसोटी एकच. डायल बघू नका, सोनं बघू नका, टूरबियाँ (यंत्रातला फिरणारा पिंजरा) तर मुळीच बघू नका. घड्याळ पालथं करा आणि ब्रिजच्या, म्हणजे आतली चाकं जागेवर धरणाऱ्या धातूच्या पट्टीच्या, कडेला आत वळणारा कोपरा शोधा.

ब्रिजची कड तिरकी तासून आरशासारखी चकचकीत करतात. बाहेर आलेला कोपरा मशीनलाही जमतो. आतल्या कोपऱ्यात मात्र दोन तिरक्या कडा एका धारदार रेषेत भिडायला हव्यात. फिरणारं कटर गोल असतं. कितीही बारीक घेतलं तरी कोपऱ्यात गोलाई सोडणारच. तिथे कानस लागते, मग लाकडाची काडी आणि पॉलिशची पेस्ट. हात जरा घसरला की तो ब्रिज भंगारात.

स्वित्झर्लंडच्या जू खोऱ्यातले घड्याळजी फिलिप द्युफूर यासाठी जेन्शियन नावाच्या डोंगरी झाडाचं वाळलेलं देठ वापरतात. त्यांचं 'सिंप्लिसिटी' २००० साली आलं. तास, मिनिटं आणि छोटा सेकंदकाटा, बस्स. साधारण दोनशेच बनली. चमत्कृती शून्य, तरी जगभरचे घड्याळजी त्याच्यापुढे मान तुकवतात. ती त्या कोपऱ्यांपायी.

सेकंदकाटा

असहमत. तुम्ही दागिन्याची कसोटी घड्याळाला लावताय.

समुद्रात रेखांश काढण्यासाठी इंग्लंडमध्ये मोठं बक्षीस लावलं होतं. त्यासाठी घडवलेलं जॉन हॅरिसनचं एच४ हे घड्याळ १७६१ मध्ये जहाजावर चढलं आणि जमैकाला पोचलं. ८१ दिवसांत, रोज ते ठरावीक मागे-पुढे जाणार हा हिशेब धरून, चूक निघाली जेमतेम पाच सेकंदांची. ती त्याची किंमत. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. मनगटी घड्याळात रोज दहा सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत एकाहून किंचित जास्त. डगमगणाऱ्या मनगटावर कमान आणि चाकांकडून एवढं काम करून घेणं, ही खरी कारागिरी.

आणि हात बघायचाच असेल तर हेअरस्प्रिंगकडे बघा, म्हणजे बॅलन्स नावाच्या चाकाला मागेपुढे झुलवणाऱ्या बारीक कमानीकडे. ब्रेगे या जुन्या नामांकित घड्याळजीने तिचं बाहेरचं टोक वर उचलून आत वळवलं, जेणेकरून ती सगळ्या बाजूंनी सारखी फुलेल आणि मिटेल. ते वळण दोन चिमट्यांनी, केसाएवढ्या पट्टीला द्यावं लागतं. पूर्वी स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल आणि जिनिव्हाच्या वेधशाळांमध्ये अचूकतेच्या स्पर्धा व्हायच्या. तिथे एकेका यंत्रावर महिनोन्महिने राबून चाल अचूक लावणारे खास कारागीर असत. त्या यंत्रांतली कित्येक दिसायला अगदी साधी होती. कोपऱ्याला कोणी गुण दिले नाहीत.

कोपरापारखी

एच४ आतून पाहिलंय का? काय नक्षी आहे! बॅलन्सवरची प्लेट नुसती कोरून, पोखरून भरलेली.

सेकंदकाटा

पाहिलीय. बक्षीस नक्षीला नव्हतं.

तिरकस

दोघांचंही चालू द्या. २५ डिसेंबर १९६९ला सायकोचं क्वार्ट्झवर चालणारं ॲस्ट्रॉन आलं, महिन्याला पाच सेकंदांच्या हमीचं. अचूकतेचा खेळ तिथेच आटोपला.

सेकंदकाटा

मान्य. पण अचूकता मला गाडी गाठण्यासाठी नकोच आहे. घडवणाऱ्याला घड्याळ किती कळलंय, ते तिच्यावरून कळतं. आणि हे मी एकटाच म्हणत नाही. निवडक घड्याळांवर उमटणारी जिनिव्हाची मोहोर १८८६पासून आहे, घडणीच्या दर्जासाठी प्रसिद्ध. आता तीसुद्धा पूर्ण घड्याळाची सात दिवस परीक्षा घेते, आणि एका मिनिटापेक्षा जास्त फरक पडला तर नापास. नुसत्या चकाकीवर भागत नाही हे मोहोरवाल्यांनाही पटलं की!

अर्धवट अभियंता

मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. (नावाप्रमाणे.)

सेकंदकाटा, अचूकता हीच कसोटी धरली तर तुमचा हात उद्या बाद होईल. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग पातळ चकतीतून मशीनमध्येच कोरून निघते, सगळ्या सारख्या. चुंबकत्वाचा त्रास नाही. चिमट्याने वळवायची सोयच नाही, गरजही नाही. मग ते घड्याळ सर्वांत जास्त हस्तनिर्मित म्हणायचं का?

दुसरं, 'एका माणसाने सगळं केलं' ही कथा मला फार गोड वाटते, म्हणून खटकते. ज्युरा डोंगररांगांत पिढ्यान्‌पिढ्या काम वाटून व्हायचं. हिवाळ्यात बर्फ पडलं की शेतकऱ्याच्या घरात कोणी चाकं करायचं, कोणी स्क्रू, आणि शेवटी एकजण जोडायचा. २०२० मध्ये युनेस्कोने वारसायादीत घेतलं ते त्या सबंध भागाचं कसब, एकट्यादुकट्याचं नव्हे. आइल ऑफ मॅन बेटावरचे घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स घड्याळाच्या चौतीस कसबांपैकी बत्तीस स्वतः करायचे. ते अपवाद, आणि त्यांच्याकडेही लेथ होतंच. लेथ म्हणजे मशीन नाही?

म्हणून मी शिंकेची कसोटी लावतो. काम चालू असताना कारागिराला शिंक आली तर तुकडा वाया जातो का? जात असेल तर ते हाताचं काम, मग हातात कानस असो की लेथचं चाक. संगणकावर चालणाऱ्या मशीनशेजारी खुशाल शिंका, तिचं काही बिघडत नाही.

या कसोटीवर टोक गाठलं ते ग्रोबेल फोर्सी कंपनीच्या 'हँड मेड १'ने, २०१९ साली. ९५ टक्के काम हाताने चालवायच्या अवजारांवर, हेअरस्प्रिंगसकट. एका घड्याळाला ६,००० तास, म्हणजे एका माणसाची तीन वर्षं! मुख्य कमान, चाकांना आधार देणारी माणकं, काच असं थोडंच बाहेरचं. कौतुक आहेच. पण हाताने काढलेला चाकाचा दाता मशीनच्या दात्याहून चांगला असतो असं कोणी म्हणालं तर मी भांडायला तयार आहे.

जुनी चावी

मी दुरुस्ती करते, रोज घड्याळं उघडते. तुम्ही सगळे झाकणाच्या काचेतून दिसणाऱ्या बाजूवर भांडताय.

गेल्या वर्षी एक महागडं घड्याळ आलं. नाव घेत नाही. मागे काच, आत झकास शोभेचे पट्टे, कडा चकचकीत, कोपरापारखींचा आतला कोपराही धारदार. ब्रिज उचलून पालथा केला. खाली मशीनच्या कटरच्या रेघा जशाच्या तशा, एका भोकाच्या तोंडाशी तर धातूची कुसळं लोंबत होती. बोटाला टोचली. गिऱ्हाइकाला दिसतं तेवढंच घासलेलं.

याच आठवड्यात एक जुनं खिशातलं घड्याळ टेबलावर आहे. मागे काच वगैरे काही नाही. डायलखाली, चावी देण्याच्या आणि काटे जुळवण्याच्या यंत्रणेत, पोलादाची एक चिमुकली पट्टी आहे. तिला ब्लॅक पॉलिश आहे. म्हणजे तुकडा कथलाच्या पत्र्यावर उपडा ठेवून बारीक पेस्टमध्ये बोटाने फिरवत राहायचा, शेवटचा ओरखडा जाईपर्यंत थांबायचं नाही. एका बाजूने बघितलं तर पट्टी काळीभोर, जरा कलती केली की पांढरी लखलखीत. मालकाने ती जन्मात पाहिली नसणार. ती फक्त माझ्यासारखीला दिसावी म्हणून आहे.

आणि ती मोडली तर मी नवी घडवू शकते. माझ्या लेखी हेही त्याच कारागिरीत येतं. सिलिकॉनचा तुकडा मोडला आणि कंपनीने तो बंद केला, तर माझं लेथ काय कामाचं?

कोपरापारखी

खालच्या बाजूचा मुद्दा लागला. कोपरा सोडत नाही, पण तो एकटा पुरत नाही हे मान्य. दाखवायपुरता कोपराही कोणी करू शकतं, हे लक्षातच आलं नव्हतं.

अर्धवट अभियंता

मोडलं तर पुन्हा घडवता यावं, हा मुद्दा मात्र मला नाही पटत. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठीचं ब्रेगेचं घड्याळ १७८३ मध्ये सांगितलं आणि १८२७ मध्ये पुरं झालं, तेव्हा राणीही नव्हती आणि ब्रेगेही. दुरुस्ती सोपी जावी म्हणून कोणी असलं काही करत नाही.

जुनी चावी

सोपी नको हो. शक्य हवी. तेवढाच फरक.

सेकंदकाटा

ताई, ते खिशातलं घड्याळ चालतं कसं, ते नाही सांगितलंत. आकडे द्या.

जुनी चावी

साफ करून, तेल घालून काल जोडलं. डायल वर ठेवलं तर दिवसाला चार सेकंद पुढे. उभं धरलं तर नऊ मागे. अजून हेअरस्प्रिंगला हात लावलेला नाही.