घोट्याचं फ्युजन झाल्यावर पाखाडी आणि चढ-उतार कसे जमवायचे?

पाखाडीवरची:

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात एका वाडीत राहते, अंगणवाडीत सेविका आहे. फार पूर्वी स्कूटरवरून पडून डावा घोटा मोडला होता. हाड जुळलं, पण सांध्यातली कूर्चा झिजत गेली. शेवटी शेवटी तर रात्री झोपेतसुद्धा ठणका लागायचा. दिवाळीनंतर घोट्याचं फ्युजन केलं, म्हणजे नडगीचं हाड आणि त्याखालचं टॅलस स्क्रू घालून कायमचं एक केलं. प्लास्टर झालं, मग गुडघ्यापर्यंतचा बूट झाला. परवा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, हाड धरलंय, बूट काढा आणि चालायला लागा.

ती जुनी कळ गेली, हे खरंच मोठं सुख आहे. पण चालायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही. कागदावर एकच ओळ लिहून दिली आहे. ओटीवर सपाट जमिनीत मी लंगडत का होईना चालते. पण आमचं घर रस्त्यापासून वर, मधे जांभ्या चिऱ्यांची पाखाडी. एक पायरी वीतभर, दुसरी हातभर. चढताना टाच उचलली जाते आणि उतरताना तर छातीत धडधडतं. अंगणवाडीकडे जाणारी वाट उताराची, शिवाय दिवसभर पोरांबरोबर खाली बसायचं काम.

शेजारच्या काकू म्हणतात, रोज तेल लावून पाऊल वाकवत जा, हळूहळू मोकळं होईल. करू का तसं? शिमगा तोंडावर आलाय, पालखी घरी येईल तेव्हा निदान माझ्या पायांनी अंगणात उतरता यावं एवढी इच्छा आहे. ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा.

लाल_माती:

ताई, मी देवरूखकडचा. उजव्या घोट्याचं फ्युजन होऊन चार वर्षं झाली. कलमांची बाग सगळी उतारावर आहे आणि आज मी ती फिरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तेलाचं. तेल लावा हवं तर, पण पाऊल वाकवायला कुणालाही देऊ नका. तो सांधा आता नाहीच, तिथे एक सलग हाड तयार होतंय. ते ओढणं म्हणजे नव्या जोडावर ताण देणं. जी काही थोडी हालचाल मिळते ती त्याच्या खालच्या आणि पुढच्या, पावलाच्या मधल्या सांध्यांतून मिळते, तीही चालता चालता आपोआप. घोटा कधी सुटेल याची वाट बघू नका. चाल नव्याने बसवायची आहे आणि ती पादत्राण, गुडघा आणि खुबा मिळून बसवतात.

सगळ्यात मोठा फरक मला चपला-बुटांनी पडला. एरवी पाऊल टेकल्यावर शरीर घोट्यावरून पुढे जातं. आपलं तिथे अडतं, म्हणून टाच लवकर उचलली जाते नाहीतर गुडघा मागे ढकलला जातो. यासाठी रॉकर सोल लागतो, तळ होडीसारखा पुढून वर गेलेला. दुकानात बूट टेबलावर ठेवून पुढच्या टोकावर बोट दाबून बघा. टाच वर आली आणि बूट मधे दुमडला नाही, तर तो कामाचा. टाचेखाली मऊ, तळ मात्र कडक. मी कृत्रिम अवयव आणि कॅलिपर बनवणाऱ्या कारागिराकडून साध्या बुटालाच खाली रबराचा थर लावून पुढून घासून घेतला. ऑपरेशनमध्ये पाय किंचित आखूड होतो, तेवढी उंची आतून टाचेला भरून घेतली. आपल्याकडे घरात अनवाणीच चालतात, पण पहिलं वर्षभर तरी घरात वापरायचा वेगळा, स्वच्छ जोड ठेवा. देवघरापुरतं अनवाणी चाललं तर बिघडत नाही.

आता पाखाडी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि दोन्ही पावलं एकाच पायरीवर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. काठी उजव्या हातात, कारण तुमचा पाय डावा. चढताना नुसता चवडा टेकू नका, टाचेसकट अख्खं पाऊल पायरीवर येऊ द्या. उतरताना भीती वाटते त्याला कारण आहे. जो पाय वरच्या पायरीवर मागे राहतो त्याच्या घोट्याला पुढे वाकावं लागतं आणि आपला वाकत नाही. म्हणून घाई नको. पुढे कधी एकाआड एक पाय टाकत उतरायची वेळ आली, तर ऑपरेशनच्या पावलाची बोटं पायरीच्या कडेबाहेर काढायची, मग पाऊल कडेवरून आपोआप कलतं. पण ते आत्ता नाही, आणि पहिल्यांदा कुणीतरी सोबत असताना.

हातभर उंचीच्या पायऱ्यांच्या मधे अर्धा चिरा बसवून घ्या. एका बाजूला जीआय पाइपचा कठडा लावा. हा खर्च टाळू नका. पावसाळ्याआधी शेवाळ खरवडून काढा, घसरताना सावरायला तो घोटा आता पूर्वीसारखा मदतीला येत नाही.

उतारावर सरळ न जाता तिरकं, नागमोडी जायचं. चढावर पाऊल थोडं बाहेर वळवलं आणि पावलं आखूड टाकली की टाच टेकते. गुडघा मागे कडक होऊ देऊ नका, माझा गुडघा त्यामुळेच दुखायला लागला होता.

उकिडवं बसणं मी सोडलं. टाच टेकत नाही आणि सगळा भार चवड्यावर येतो. घरी कमोड बसवला, पाहुणा गेलो तर प्लास्टिकची कमोड खुर्ची मागतो, लाजत नाही. मांडी जमते थोडा वेळ, पण बाहेरचं घोट्याचं हाड जमिनीला रुततं, म्हणून खाली टॉवेलची घडी ठेवतो.

फिजिओ_पुणे:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या प्रतिसादाशी सहमत, थोडी भर घालते.

ताई, हाड धरलं म्हणजे काम संपलं असं नाही. साधारण दहा-बारा आठवड्यांत जोड दिसू लागतो, पण तो पक्का होणं पुढे कित्येक महिने चालू राहतं. म्हणून पुढचा एक्स-रे चुकवू नका. तंबाखूमुळे जोड बसायला अडथळा येतो. इथे मुद्दाम लिहिते, मशेरीसुद्धा तंबाखूच आहे. सिगारेट ओढता का असं विचारलं की बायका नाही म्हणतात आणि मशेरीचा विषय राहूनच जातो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी.

व्यायाम घोट्याचा नाही, खुब्याचा आणि गुडघ्याचा. ओट्याला धरून उभं राहा आणि डावा पाय सरळ ठेवून बाजूला उचला, धड कलू न देता. मग भार डाव्या पायावर ठेवून उजवा उचला, हे जास्त महत्त्वाचं आणि जास्त अवघड. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. पायाची बोटं उघडणं-मिटणं. पोटरी बारीक दिसेल आणि बहुधा बारीकच राहील, कारण तिचं मुख्य काम थांबलंय. त्याने घाबरू नका.

संध्याकाळी सूज येणं वर्षभरही चालू शकतं. झोपून पाय छातीपेक्षा उंच ठेवा. किती चालायचं याचं माप सोपं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं आदल्या सकाळपेक्षा जास्त असेल, तर कालचं चालणं जास्त झालं.

पोटरी एकाएकी दुखून सुजली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. टाक्यांजवळ गरम लागलं, पाणी आलं किंवा भार दिल्यावर जोडाच्या जागी नवीन कळ सुरू झाली, तरी लगेच दाखवा.

आईची_सोबत:

आमच्या आईचं हेच ऑपरेशन झालंय. एसटीची पहिली पायरी उंच असते, तिथे चांगला पाय आधी आणि हात दांड्याला. उतरताना कंडक्टरना आधीच सांगायचं, गाडी पूर्ण थांबेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. अंगणवाडीत पोरांच्या उंचीची बुटकी खुर्ची घ्या ताई. पोरं काही दूर जात नाहीत, मांडीवर येऊन बसतात.

पाखाडीवरची:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. वाचताना डोळ्यांत पाणी आलं, इतके दिवस वाटत होतं की माझंच काहीतरी बिघडलंय. काकूंना तेलाचं समजावलं. मशेरी मी लावत नाही, पण साखर आहे, या आठवड्यात तपासून घेते. गवंड्याला उद्या बोलावलंय, आधी मधल्या दोन उंच पायऱ्या करून घेते, कठडा मागून. पालखीला सगळी पाखाडी उतरणार नाही, अंगणातच थांबेन. एक राहिलं, बिनगिअरची स्कूटर कधी चालवता येईल?

फिजिओ_पुणे:

ब्रेक हातात असल्यामुळे चालवणं फारसं अवघड नसतं, अवघड असतं थांबणं. गाडी डावीकडे कलली की सगळा भार डाव्या पायावर, तोही वाकड्या-तिकड्या जमिनीवर. काठीशिवाय सपाटीवर बिनधास्त चालता येईपर्यंत आणि डॉक्टर पुढच्या एक्स-रेनंतर हो म्हणेपर्यंत मागेच बसा. मागे बसतानाही पाऊल पूर्ण फूटरेस्टवर ठेवा, लोंबकळतं नको.