मीरलुस्ट बघा, आठ पिढ्या झाल्या

तीन पिढ्यांच्या पुढे वायनरी एका घरात टिकत नाही असं जे म्हणतात ते मला नाही पटत, दक्षिण आफ्रिकेतलं स्टेलनबॉशजवळचं मीरलुस्ट हे वाईनचं फार्म बघा ना. फार्म मूळचं १६९३चं, हेनिंग ह्युसिंग नावाच्या जर्मन माणसाचं, पण १७५६ला ते मायबर्ग घराण्याकडे आलं आणि आता आठवी पिढी चालवतेय, म्हणजे पानिपतच्या आधीपासून जमीन त्याच घरात!

अर्थात हे सगळं फक्त मालकांच्या जोरावर झालं नाही. केपच्या (दक्षिण आफ्रिकेचा हाच भाग) त्या जुन्या फार्म्सवर गुलाम राबायचे, त्यात बंगाल, मलबारहून नेलेले आपले लोकही होते, आणि १८३४ला कायद्याने गुलामी संपली तरी १८३८पर्यंत मालकाकडेच राबावं लागलं त्यांना. हा भाग गाळून घराण्याचं कौतुक करणं मला चुकीचंच वाटतं.

मग १८८६ला केपमध्ये फिलॉक्सेरा आला, द्राक्षवेलींची मुळं खाणारी कीड, बागाच्या बागा गेल्या आणि या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमं करून पुन्हा लावाव्या लागल्या (आपल्याकडे डॉगरिज नावाच्या खुंटावर करतात तसंच, फक्त आपल्याकडे कारण पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन).

सातव्या पिढीतल्या निको मायबर्गनी फ्रान्समधल्या बोर्दोच्या स्टाइलचं, म्हणजे वेगवेगळ्या द्राक्षांच्या मिश्रणाचं रुबिकॉन नावाचं रेड वाईन काढलं, पहिलं व्हिंटेज (म्हणजे द्राक्षांच्या हंगामाचं वर्ष) १९८०. मला सगळ्यात भारी काय वाटतं तर ज्या वर्षी द्राक्षं मनासारखी नाहीत त्या वर्षी रुबिकॉन काढतच नाहीत, ती वाईन साध्या 'मीरलुस्ट रेड' लेबलखाली विकतात.